पहाटेचा नमुना

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या ठाण्याकडील अंगाला, येऊरच्या जंगलात, पावसाळा सरताना ओढे इतके नितळ वाहतात की त्यांच्या पाण्याची तपासणी करणे हा एखाद्याला निव्वळ सरकारी उपद्व्याप वाटावा. परंतु वनखात्याच्या चौकीवर परवाना दाखवून आत शिरलेल्या रसायनज्ञांच्या मागोमाग गेलो, तेव्हा डोळ्यांना दिसणारा नितळपणा त्यांच्या हिशेबी जमेस धरलाच जात नाही असे आढळले.

३०० मिलिलिटरची काचेची बाटली त्यांनी प्रवाहात तिरपी बुडवून, आत हवेचा एक बुडबुडाही राहू न देता भरली. कारण बाहेरचा प्राणवायू आत मिसळला तर पाण्याची साक्षच खोटी ठरावयाची. मग पिपेटने मँगनीज सल्फेट व अल्कली आयोडाइड सोडताच आतल्या आत तपकिरी लोळ उठला आणि सावकाश तळाशी बसू लागला. प्राणवायू मुळीच नसता तर हा साका पांढराच राहिला असता; कल्याणात वालधुनीचा वास ज्यांनी घेतला आहे, त्यांना असले पाणी कसे असते हे सांगावयास नको. पुढे गंधकाम्लाने साका विरघळतो, द्रव पिवळा होतो, आणि स्टार्चने आलेली निळाई मावळेपर्यंत ब्युरेटमधून हायपोचे थेंब मोजीत बसावे लागते. १८८८ साली विंक्लर या हंगेरियन रसायनज्ञाने दिलेली ही रीत अद्याप चालू आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीबरहुकूम, केवळ निर्जंतुक करून पिण्याजोग्या पाण्यात लिटरमागे किमान ६ मिलिग्रॅम प्राणवायू हवा. स्नानाच्या पाण्यास ५ पुरतो.

डोंगर उतरून उपवन तलावाशी आलो, तसा मामला बिकट झाला. संथ पाण्यातले हिरवे शेवाळ भर उन्हात इतका प्राणवायू सोडते की दुपारचा आकडा ओढ्यालाही लाजवील; तेच शेवाळ, मासे आणि जिवाणू रात्रभर तो खर्चीत राहतात, व सूर्योदयापूर्वी शिल्लक अगदी तळाला जाते. मासे तडफडतात ते बहुधा याच सुमारास. कचेरी उघडल्यानंतर भरलेल्या बाटल्यांवरच ज्यांची भिस्त, त्या दप्तरांतील निरोगी तलावांविषयी म्हणूनच मला थोडा संशय येतो.

रसायनज्ञांनी चिठ्ठीवर तारखेच्याही आधी वेळ लिहिली, २७ अंशांवर तीन दिवस अंधारात कोंडावयाची दुसरी बाटली बर्फाच्या पेटीत ठेवली, आणि डोंबिवलीहून येणाऱ्या मदतनिसाला उद्या उजाडण्यापूर्वी काठावर हजर राहण्यास फर्मावले.

“मग पहिल्या लोकलनेच निघतो, साहेब,” तो म्हणाला, “पण स्टेशनवरून इथवर रिक्षा मिळाली पाहिजे.”