८०८५ ते पिको : स्वस्त यंत्रांची पंचेचाळीस वर्षे

स्टीलच्या रोलिंग मिल आणि बियाणे कंपन्यांच्या जालन्यात पीसी घरोघरी यायला वेळ लागला. पदविकेच्या मुलांच्या हाती मात्र संगणकाचं काळीज आधीच पडलं होतं. तंत्रशिक्षण मंडळाचा अभ्यासक्रम राज्यभर एकच, त्यामुळे मुंबई असो वा जालना, प्रॅक्टिकल ८०८५ च्या किटवरच व्हायचं.

इंटेलने १९७६ मध्ये आणलेल्या या मायक्रोप्रोसेसर चिपमध्ये ट्रान्झिस्टर होते साडेसहा हजारांच्या आसपास. तिला पाच व्होल्टचा एकच पुरवठा पुरे, म्हणून किट आटोपशीर. त्यावर सोळा आकडी बटणं आणि सहा लाल अंक : चार पत्त्याचे, दोन डेटाचे. पडदा नाही, डिस्क नाही. वीज गेली की रॅममधला प्रोग्रॅम पुसला जायचा, आणि मराठवाड्यात लोडशेडिंग काही पाहुणं नव्हतं.

पाच आणि तीनची बेरीज करायची, तर सूचना आधी वहीत उतरवायच्या. मग अमेरिकेत शिकवणाऱ्या रमेश गावकरांच्या पुस्तकातल्या तक्त्यातून एकेकीचा कोड शोधायचा : ३ई ०५, ०६ ०३, ८०. उत्तर सी०५० या पत्त्यावर ठेवायचं, तर ३२ ५० सी०. पत्त्याचा खालचा बाईट आधी, वरचा नंतर. क्रम उलटा पडला की किट तक्रार करत नसे, उत्तर मुकाट्याने भलतीकडे नेऊन ठेवी. ते शोधता शोधता मेमरी कळायची. अडचण एकच : किट प्रयोगशाळेचं, एकाभोवती चार डोकी, तास संपला की कपाटात.

१९८४-८५ च्या ‘क्लास’ या शालेय संगणक प्रकल्पातून बीबीसी मायक्रो हा संगणक देशातल्या निवडक शाळांत पोहोचला. पुढे पीसी आला आणि २००१ पासून एमएस-सीआयटी हे संगणक-साक्षरतेचं प्रशिक्षण गावोगाव गेलं. त्याने हजारोंची संगणकाची भीती घालवली, पण संगणक शिकणं म्हणजे वर्ड-एक्सेल असा समजही रुजला. यंत्राच्या पोटात डोकावायची हौस मागे पडली.

हीच खंत केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्र शिकवणाऱ्या एबेन अप्टन यांना होती. प्रवेशाला येणाऱ्या मुलांना यंत्राशी खेळायची सवयच उरली नव्हती. त्यातून २०१२ मध्ये ३५ डॉलरचा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आला, २०१५ मध्ये पाच डॉलरचा झिरो आणि २०२१ मध्ये चार डॉलरचा पिको हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड. किट कपाटात राहायचं. पिको दप्तरातून अंबड-भोकरदनला घरी जाऊ शकतो.

तरी स्वस्ताईने निम्मंच काम झालं. मायक्रोपायथन भाषेच्या चार ओळींत एलईडी लुकलुकतो आणि कुठल्या रजिस्टरमध्ये काय बदललं, हे विचारायची गरजच पडत नाही. किटवर ती पळवाट नव्हती. पण पिकोतही एक अवघड कोपरा आहे. त्याच्या ‘पीआयओ’ (प्रोग्रॅम करता येणाऱ्या इनपुट-आउटपुट) भागाला सूचना फक्त नऊ प्रकारच्या आणि एका ब्लॉकमध्ये जागा बत्तीसच सूचनांची. तिथे पुन्हा वही काढून एकेक सूचना मोजावी लागते. प्रॅक्टिकलची सुरुवात तिथून झाली, तर किटची शिस्त घरी नेता येईल, आणि तीही आपल्या पाळीची वाट न पाहता.