खरेपणाला पायऱ्या असतात का?

कुणाकडे दुःखाला बसायला गेलो की हमखास एक वाक्य कानी पडतं, ‘शेवटी सगळी माया आहे.’ धुळे असो की जळगाव, हे वाक्य न ऐकलेला माणूस विरळा. बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण त्या वाक्यात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. देव पूर्ण खरा आणि माणूस त्याच्यापेक्षा कमी खरा, असं काही असतं का?

या प्रश्नाला ख्रिस्ती बाजूने भिडलेला एक मराठी पंडित एकोणिसाव्या शतकात होऊन गेला. नीळकंठशास्त्री गोऱ्हे. जन्म १८२५चा, विद्या काशीची. १८४८ साली ते ख्रिस्ती झाले. त्यांच्या ‘षड्दर्शनदर्पण’ या हिंदी ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर १८६२ साली निघालं. अद्वैत वेदांत सत्तेचे तीन प्रकार मानतो. पारमार्थिक सत्ता ब्रह्माची, व्यावहारिक सत्ता आपल्या रोजच्या जगाची आणि प्रातिभासिक सत्ता दोरीवर भासलेल्या सापाची. गोऱ्ह्यांचा आक्षेप मधल्या सत्तेवर होता. वस्तू एक तर आहे किंवा नाही. ‘व्यवहारापुरती आहे’ म्हणजे नेमकं काय? वेदांती यावर सांगतात की ज्ञान होईपर्यंत हे जग खरंच मानायचं आणि दया-धर्मही पाळायचा. हा वाद मिटलेला नाही. पण त्यातून ख्रिस्ती भूमिका नीट कळते.

ती अशी : देवाने जग शून्यातून निर्माण केलं. म्हणून जग देवाचा अंश नाही आणि भासही नाही. ते खरं आहे, मात्र स्वतःच्या बळावर नाही. एप्रिलमध्ये आपल्या जळगावात सूर्य मावळला तरी भिंती रात्री उशिरापर्यंत तापलेल्या असतात. उजेड मात्र सूर्याच्या मागोमाग निघून जातो. तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनस या विचारवंताने असाच दृष्टांत दिला आहे. विस्तवावरून उतरवलेलं पाणी काही वेळ गरम राहतं, पण हवेला उजेड साठवता येत नाही. माणसाचं असणं त्या उजेडासारखं आहे, क्षणोक्षणी मिळत राहणारं. पण मिळालेला उजेड काही खोटा नसतो.

मुसलमान घरात वाढलेल्या मला हे परकं वाटत नाही. इब्न सीना (९८०–१०३७) या तत्त्वज्ञाने हाच फरक सांगितला होता. ‘वाजिबुल वुजूद’ म्हणजे ज्याचं असणं अटळ आहे तो, आणि ‘मुमकिनुल वुजूद’ म्हणजे जे असू शकतं, नसूही शकतं. त्याचे ग्रंथ लॅटिनमध्ये गेले आणि अक्वायनसने ते वाचले.

मग देव आणि माणूस यांच्या मध्ये काहीच नाही का? ख्रिस्ती परंपरेत देवदूतांच्या नऊ श्रेणी सांगितल्या आहेत. पण सर्वांत वरचा देवदूतही निर्माण केलेलाच. शिडी आहे, पण ती सगळी अलीकडच्या काठावर. चौथ्या शतकात एरियस या धर्मगुरूने ख्रिस्तालाच मधली पायरी मानलं, म्हणजे देवाची सर्वश्रेष्ठ निर्मिती. निकीयाच्या परिषदेने ३२५ साली हे मत नाकारलं. पुढे ४५१ साली कॅल्सेडनच्या परिषदेने सांगितलं, ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, अर्धा-अर्धा नव्हे. इथे इस्लामची वाट वेगळी होते, हे खरंच. पण ख्रिस्ती माणसासाठी यातून निघणारा अर्थ मोठा आहे. देव खरोखर माणूस झाला, त्याला भूक लागली, तो रडला. तर माणसाची भूक आणि माणसाचं रडणं भास कसं ठरेल?

रेव्हरंड ना. वा. टिळक आपल्याला १९०७च्या जळगावच्या कविसंमेलनामुळे जवळचे. धरणगावच्या त्र्यंबक ठोमरेंना ‘बालकवी’ हे नाव त्याच संमेलनात मिळालं. टिळकांची ‘केवढे हे क्रौर्य’ अनेकांनी शाळेत वाचली असेल. ती कविता धर्मशास्त्र सांगत नाही. पण एका पाखराचं दुखणं किती खरं मानायचं, ते ती सांगते.

आपलं असणं उसनं असेल. पण समोरच्याच्या डोळ्यांतलं पाणी त्यामुळे कमी ओलं होत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)