कासेगावची गेलताई

कुंडल हे ब्रिटिश राजवटीविरुद्ध उभ्या राहिलेल्या साताऱ्याच्या प्रतिसरकारचं मोठं केंद्र. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊंच्या तुफान सेना या सशस्त्र दलाचं गाव. या लढ्यावर इंग्रजीत अभ्यासपूर्ण प्रकरण लिहिणाऱ्यांत एक बाई होती अमेरिकेची आणि सून होती शेजारच्या वाळवा तालुक्यातली!

डॉ. गेल ऑम्वेट. जन्म १९४१, मिनिआपोलिस. सत्यशोधक चळवळीवरच्या प्रबंधाला १९७३ मध्ये बर्कली विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. १९७६ मध्ये डॉ. भारत पाटणकरांशी लग्न, १९८३ मध्ये भारतीय नागरिकत्व आणि मुक्काम कासेगावला. सासूबाई इंदुताई पाटणकर म्हणजे प्रतिसरकारच्या काळात भूमिगतांची हत्यारं पोचवणाऱ्या कार्यकर्त्या. अभ्यासाचा विषय असा स्वयंपाकघरातच वावरत असेल, तर आणखी कुठल्या दफ्तरखान्याची पायरी चढायची?

पुणे विद्यापीठात त्यांनी समाजशास्त्र शिकवलं. पण विद्यापीठाच्या सत्कारातली शाल-श्रीफळ एका दिवसाची; गावानं त्यांना ‘गेलताई’ केलं ते कायमचं. आडनाव मात्र कुणाच्याच जिभेवर नीट बसलं नाही. ऑम्वेट, ऑमव्हेट, ओमवेट. छापील मराठीत तिन्ही सापडतात.

येरळेच्या कोरड्या पात्रातली वाळू विकून शेतकऱ्यांनी बळीराजा धरणासाठी पैसा उभा केला, त्या मुक्तिसंघर्ष चळवळीत त्या होत्या. पुढे पतीच्या साथीनं त्यांनी तुकोबांचे अभंग इंग्रजीत नेले. २५ ऑगस्ट २०२१ रोजी त्यांचं निधन झालं, कासेगावातच.