पंप हृदयाला, झळ पायाला

४५.८ आणि ५८.५. मोठ्या हार्ट अटॅकनंतर रक्तदाब कोसळलेल्या शंभर रुग्णांपैकी १८० दिवसांत किती दगावले, त्याचे हे आकडे. पहिला मांडीच्या धमनीतून हृदयात बारीक पंप सरकवलेल्यांचा, दुसरा नेहमीचे उपचार मिळालेल्यांचा. ३५५ रुग्णांवरच्या या 'डेंजर-शॉक' चाचणीचा निकाल २०२४ मध्ये आला. नावातलं डेंजर म्हणजे डॅनिश आणि जर्मन यांची जोडलेली अक्षरं. पण नाव अगदीच चुकलंय असंही नाही. मोठा रक्तस्राव, पायाचा रक्तपुरवठा तुटणं, रक्तपेशी फुटणं वगैरे गुंतागुंत पंपवाल्यांत २४ टक्के, इतरांत ६.२. म्हणजे आठ जणांना पंप लावला की एक जीव जास्त वाचतो, आणि साधारण सहा जणांमागे एकाला जास्तीचा त्रास होतो. नुसत्या पायापुरतं बघायचं तर ५.६ विरुद्ध १.१ टक्के.

असं का, ते नळीच्या जाडीत आहे. ही जाडी 'फ्रेंच'मध्ये मोजतात. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर. मनगटातून अँजिओप्लास्टी करतात ती नळी ६ फ्रेंचची. पंपाची १४, म्हणजे ४.७ मिलिमीटर. एक्मोची, म्हणजे रक्त शरीराबाहेर नेऊन प्राणवायू मिसळून परत सोडणाऱ्या यंत्राची, १५ ते १९. जांघेतली धमनी मुळात सात-आठ मिलिमीटरची; बायकांची त्याहून अरुंद, मधुमेह्यांची बरेचदा चुन्याने कडक झालेली. त्यात रक्तदाब चढवणारी औषधं तिला आणखी आवळतात. पायाकडे रक्त जाणार कुठून?

रुग्ण गुंगीत, पाय दुखतोय हे सांगणार कोण? म्हणून सिस्टर तासातासाला पांघरूण वर करून दोन्ही पावलं चाचपते, डॉपलरची पेन्सिल टेकवून कानोसा घेते. रक्तपुरवठा तुटल्यावर सहा तासांच्या आसपास स्नायू मरू लागतात. एक्मोत त्यासाठी सहा-आठ फ्रेंचची आणखी एक नळी पायाच्या दिशेने घालतात.

पण अशाच रुग्णांवरच्या २०२३ च्या एक्मो चाचणीत, ४१७ जणांत, ३० दिवसांतले मृत्यू एक्मोवाल्यांत ४७.८ आणि इतरांत ४९ टक्के, जवळपास सारखेच. इलाज करावा लागेल अशी रक्तवाहिन्यांची इजा मात्र ११ विरुद्ध ३.८. त्या रुग्णांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक जणांचं हृदय आधीच एकदा बंद पडून सुरू केलेलं होतं. डेंजर-शॉकमध्ये हृदय बंद पडून बेशुद्ध राहिलेल्यांना घेतलंच नव्हतं. मला हा फरक मोठा वाटतो. ज्यांचा मेंदूच रक्ताविना राहिला, त्यांना पंप फार काही देऊ शकत नाही. पायाला मात्र नळी तेवढीच जाड पडते.