भिंतीला ओल आली कुठून?

पावसाळा आला की पुष्कळ घरांत भिंती खालून ओल्या होतात. गिलाव्याचे पोपडे निघतात. पांढरा लोणा फुटतो. खोलीत कुबट वास येतो. मग आपण काय करतो? गवंड्याला बोलावतो. नवा गिलावा करतो, वर रंग देतो. पुढच्या वर्षी पाहावे, तर ओल आहे तिथेच!

आमच्या घरी हेच झाले. माजघराची भिंत ओली होई. तिच्याजवळ जोंधळ्याची कणगी होती. एका वर्षी बियाण्याचे जोंधळे तळाशी बुरसले. आम्ही पावसाला दोष दिला. दोनदा सिमेंटचा गिलावा केला. पैसा गेला, आणि ओल उलट वीतभर वर चढली.

एके दिवशी, भर वैशाखात, आमच्या कुटुंबाने भिंतीला हात लावला व म्हटले, "अहो, भिंत अजून ओलीच आहे. वैशाखात कुठला आलाय पाऊस?"

आम्ही तीस वर्षे मुलांना शिकवले. पण हा साधा प्रश्न आमच्या डोक्यात आला नव्हता! भिंतीपलीकडे मोरी होती. मोरीची फरशी एका कोपऱ्यात फुटली होती. अंघोळीचे, धुण्याचे पाणी रोज त्या फटीतून भिंतीच्या पायात मुरत होते. मोरी दुरुस्त केली. भिंत वाळायला बरेच महिने लागले, पण ओल गेली.

म्हणून मंडळी, आधी कारण शोधा, मग खर्च करा. भिंतीपुढे उभे राहून तीन गोष्टी पाहा. ओल कुठे आहे? ती कधी वाढते? किती उंच आहे?

ओल वरून खाली उतरत असेल आणि पाऊस पडला की वाढत असेल, तर कौले पाहा. एखादे कौल फुटले असेल किंवा सरकले असेल.

ओल बाहेरच्या भिंतीला असेल आणि पावसाळ्यातच येत असेल, तर बाहेर जाऊन पाहा. पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या बुडाशी साचते का? तिथे मातीचा किंवा शेणखताचा ढीग आहे का? बाहेरची जमीन आतल्या जमिनीपेक्षा उंच झाली आहे का?

ओल एकाच जागी आणि बारमाही असेल, तर जवळची मोरी, रांजणाची जागा व नळ तपासा.

भिंतीच्या बुडाशी सगळीकडे सारखा ओला पट्टा असेल, तर पाणी जमिनीतून चढते आहे. पाणी वर कसे चढते? समईतली वात आठवा. तेल खाली असते, पण वात टोकापर्यंत भिजते. माती आणि वीट यांतही बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी बहुधा दोन-तीन फुटांपर्यंत चढते. पाण्याबरोबर जमिनीतले क्षार येतात. पाणी वाळते, क्षार मागे राहतात. तोच लोणा.

आणखी एक कारण आहे. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो ना? तशीच बंद खोलीतली वाफ गार भिंतीवर जमते. याची परीक्षा सोपी आहे. फूटभर प्लॅस्टिकचा कागद भिंतीवर चारी बाजूंनी चिकटवा. दोन दिवसांनी बघा. थेंब आपल्या बाजूला असले, तर ओल हवेतली आहे. खिडकी उघडी ठेवा. थेंब कागदामागे असले, तर पाणी भिंतीतच आहे.

आता उपाय. भिंतीलगतचे ढीग हलवा. जमिनीचा उतार घरापासून दूर करा. पागोळ्यांचे पाणी पन्हळीने किंवा चराने लांब न्या. दगडमातीच्या भिंतीला सिमेंट लिंपू नका. त्याने भिंतीतले पाणी कोंडते आणि वाट शोधत आणखी वर चढते. चुन्याचा किंवा मातीचा गिलावा बरा. त्यातून भिंत वाळते. पण भिंत पुरी वाळल्यावरच तो करा.

नवे घर बांधणाऱ्यांनी जोते जमिनीपासून निदान दीड फूट उंच घ्यावे. भिंत उभी करण्यापूर्वी जोत्यावर दीड इंच जाडीचा, पाणी अडवणारी पूड मिसळलेल्या काँक्रीटचा थर सगळीकडे द्यावा. मग खालचे पाणी तिथेच अडते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. मातीची भिंत बुडाशी भिजून फुगली किंवा तिला तडे गेले, तर ती कोसळू शकते. तिच्याजवळ कोणी निजू नये, जनावरही बांधू नये. जाणत्या गवंड्याला लगेच दाखवावी.

आज संध्याकाळी आपल्या घराभोवती एक फेरी मारा. घरातल्या बायामाणसांनाही विचारा. भिंतीजवळ त्यांचा वावर अधिक असतो. आमच्या घरची ओल त्यांनाच आधी कळली.