सातव्या महिन्यातलं बाळ आणि उघडी राहिलेली रक्तवाहिनी

दिग्रसकडच्या एखाद्या बाईला सातवा लागताच कळा सुरू झाल्या, की बहुधा आधी ग्रामीण रुग्णालय गाठलं जातं आणि तिथून दारव्ह्यावरून यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. बाळ जेमतेम किलोभराचं असतं. ते पेटीत जातं, आणि दोन-तीन दिवसांनी डॉक्टर म्हणतात, ‘बाळाला पीडीए आहे.’ बाहेर बसलेल्या आजीपर्यंत पोचेस्तोवर त्याचं ‘हृदयाला भोक’ झालेलं असतं आणि सगळं घर हादरतं.

हे भोक नव्हे. पीडीए म्हणजे जन्मानंतर उघडी राहिलेली एक रक्तवाहिनी. पोटात असताना प्रत्येक बाळाला ही वाहिनी असतेच. गर्भाची फुप्फुसं श्वास घेत नसतात, प्राणवायू वारेतून येतो. म्हणून फुप्फुसाकडे निघालेलं बहुतेक रक्त या आखूड वाहिनीतून थेट महाधमनीत वळतं. जन्मानंतर पहिला श्वास घेतला, रक्तातला प्राणवायू वाढला आणि वारेकडून येणारं प्रोस्टाग्लँडिन हे द्रव्य कमी झालं, की ती आकसते. दिवस भरलेल्या बाळात साधारण 72 तासांत ती मिटते.

28 आठवड्यांच्या आतल्या बाळाच्या वाहिनीचे स्नायू मात्र अजून कच्चे असतात आणि प्रोस्टाग्लँडिनला ती फार दाद देते. ती उघडी राहते आणि प्रवाह उलटतो. महाधमनीतलं रक्त पुन्हा फुप्फुसांत शिरतं. दिग्रसजवळच्या अरुणावती धरणाच्या कालव्याला वरच फाटा फुटला, तर शेवटच्या शेताला पाणी कमी पडतं, तसं आतड्यांना आणि मूत्रपिंडांना रक्त कमी पडतं. इकडे फुप्फुसं तुंबतात, श्वासाच्या यंत्राची गरज वाढते, कधी फुप्फुसात रक्तस्रावही होतो. नाडी उसळती लागते, स्टेथोस्कोपमधून खरखर ऐकू येते. पण खात्री होते ती इकोनेच, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीनेच, कारण कित्येकदा मोठी वाहिनीही आवाज करत नाही.

इलाजाचा इतिहास 1938 सालापासून सुरू होतो. बोस्टनमध्ये रॉबर्ट ग्रॉस यांनी सात वर्षांच्या एका मुलीची अशी वाहिनी शस्त्रक्रियेनं बांधली. 1976 मध्ये इंडोमेथॅसिन या औषधानं अपुऱ्या दिवसांच्या बाळांची वाहिनी मिटते असं दिसलं. पुढे आयबुप्रोफेन आलं आणि 2011 नंतर तापावरचं ओळखीचं पॅरासिटामॉलही. तिन्ही औषधं प्रोस्टाग्लँडिन कमी करतात. पहिल्या दोघांचा मूत्रपिंडांवर आणि आतड्यांवर भार पडू शकतो, म्हणून लघवी, रक्तातल्या प्लेटलेट आणि पोटफुगी पाहूनच ती देतात. (पॅरासिटामॉल ओळखीचं म्हणून घरी कुणी तान्ह्याला पाजू नये. इथली मात्रा आणि देखरेख अतिदक्षता विभागाची आहे.) 2019 मध्ये अमेरिकेत 700 ग्रॅमच्या बाळालाही मांडीतल्या शिरेतून बसवता येईल अशा इवल्या बुचाला मान्यता मिळाली.

एवढी साधनं हाती असताना प्रत्येक वाहिनी लगेच मिटवावी, असं कुणालाही वाटेल. अनेक वर्षं डॉक्टरांनाही तसंच वाटत होतं. मग नेदरलँड्स, बेल्जियम आणि डेन्मार्कमधल्या 273 बाळांवरचा अभ्यास 2023 साली प्रसिद्ध झाला. लवकर आयबुप्रोफेन दिलेल्या गटात मृत्यू, आतड्याचा गंभीर आजार किंवा फुप्फुसाचा दीर्घ आजार यांपैकी काही ना काही 63.5 टक्के बाळांना झालं, तर वाट पाहिलेल्या गटात 46.3 टक्क्यांना. 2024 मध्ये ब्रिटनमधल्या 653 बाळांच्या अभ्यासातही लवकर औषध देऊन फायदा दिसला नाही. अनेक बाळांची वाहिनी आठवड्यांनी, महिन्यांनी आपोआप मिटते.

म्हणून ‘औषध सुरू केलं नाही’ हे ऐकून आपल्या बाळाकडे दुर्लक्ष होतंय असा अर्थ काढू नये. वाट पाहणं हाही उपचार आहे, पण त्यासाठी पाहणारं कुणी हवं. पाण्याचं मोजमाप, यंत्राचा नेमका दाब, नळीतून थेंबाथेंबानं आईचं दूध, आणि पुन्हा पुन्हा इको. या अभ्यासांतली बाळं सुसज्ज विभागांत होती. जिथे इकोसाठी दिवसेंदिवस थांबावं लागतं, तिथलं थांबणं वेगळं, आणि त्याला या आकड्यांचा आधार देता येणार नाही. तालुक्याच्या गावांसाठी मागायचं असेल तर आधी ही देखरेख आणि इकोची सोय मागावी.

त्याहून आधीचं काम कळा सुरू होताच करायचं आहे. 24 ते 34 आठवड्यांत बाळंतपणाची शक्यता दिसली, तर आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शनं देतात: 6 मिलिग्रॅम, बारा-बारा तासांनी, चार वेळा. बाळाची फुप्फुसं त्यानं पिकतात आणि वाहिनी उघडी राहण्याचा धोकाही कमी होतो. 2014 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पुढे पाठवण्याआधी पहिली मात्रा आरोग्यसेविकाही (एएनएम) देऊ शकते. यवतमाळला निघण्यापूर्वी ‘इंजेक्शन दिलं का’ हे नातेवाइकांनी जरूर विचारावं. आणि जमेल तर बाळ पोटात असतानाच आईला हलवावं.

घरी सोडताना वाहिनी अजून थोडी उघडी असेल, तर कार्डावर पुढच्या इकोची तारीख लिहून घ्यावी. दूध पिताना घाम येणं, धाप लागणं, वजन न वाढणं दिसलं, तर त्या तारखेची वाट पाहू नये. वर्षानंतरही वाहिनी मिटली नाही, तर बहुधा कॅथेटरनं बंद करता येते. 2013 साली पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोषांची तपासणी आणि पुढचे उपचार मोफत आहेत. त्यासाठी अंगणवाडीत तपासायला येणाऱ्या पथकाला बाळाचा इको रिपोर्ट दाखवावा.