फॉर्मवर न लिहिलेलं

पॅथॉलॉजीच्या खोलीत पेशंट येत नाही, बाटली येते. १० टक्के फॉर्मालिनमध्ये बुडालेला शेंगदाण्याएवढा तुकडा आणि सोबत घाईत भरलेला फॉर्म. त्या दिवशी फॉर्मवर एवढंच होतं: स्त्री, वय ३८, उजवा खांदा, चरबीची गाठ?

तुकडा कापतानाच शंका आली. चरबी पिवळी, मऊ असते. हा करडा आणि घट्ट होता. रात्रभर प्रोसेसिंग झालं. सकाळी आमच्या टेक्निशियन काकांनी मेणाच्या ब्लॉकमधून ३-४ मायक्रॉनच्या चकत्या काढल्या, रंगवल्या, आणि स्लाइड देण्याआधी सवयीनं खिडकीकडे धरली.

"मॅडम, निळे गोळे दिसतायत बघा."

नुसत्या डोळ्यांना दिसत होते! सूक्ष्मदर्शकाखाली तर त्वचेच्या आतल्या थरात गडद निळे गोळेच गोळे. प्रत्येकात दोन तऱ्हेच्या पेशी: लहान काळपट आणि मोठ्या फिकट. मधेमधे लिम्फोसाइट विखुरलेले. स्पायराडेनोमा. घामाच्या ग्रंथीशी नातं सांगणारी, कॅन्सर नसलेली गाठ. केर्स्टिंग आणि हेलविग यांनी १९५६ मध्ये तिचं वर्णन केलं.

पण या गाठीची एक मोठी खूण काचेवर येत नाही. ती बहुतेकदा दुखते. दुखणाऱ्या त्वचेच्या गाठी मोजक्याच, त्यामुळे 'दुखते' हा एक शब्द आम्हाला निम्मं काम करून देतो. फॉर्मवर तो नव्हता. सर्जनना विचारून मी त्या बाईंना फोन लावला.

"गाठ दुखायची का हो?"

पलीकडे थोडा वेळ शांतता.

"ब्लाउजची बाही घासली तरी कळ यायची, मॅडम. सहा वर्षं मलम चोळतेय. एवढ्याशा गाठीनं काय दुखतं, म्हणायचे सगळे. मग मीच सांगायचं सोडलं."

सहा वर्षांची ती कळ खरी होती, हे मला तेव्हा स्लाइडवर समोर दिसत होतं. मी त्यांना तसं सांगितलं. त्या रडल्या.

फोन ठेवायचा नव्हता, कारण स्लाइडच्या एका कोपऱ्यात वेगळंच चित्र होतं: पेशींची बेटं जिगसॉच्या तुकड्यांसारखी एकमेकांत बसलेली, भोवती गुलाबी किनार. हा सिलिंड्रोमा. एकाच गाठीत दोन्ही असू शकतात आणि बहुतेकदा त्यात घराण्याचा संबंध नसतो. तरी विचारावंच लागतं. १६व्या गुणसूत्रावरच्या सीवायएलडी जनुकात जन्मजात दोष असेल, तर अशा गाठी घरात पिढ्यानपिढ्या निघतात, विशेषतः डोक्यावर. प्रत्येक मुलात तो दोष उतरण्याची शक्यता निम्मी असते. वर्षानुवर्षं शांत असलेली एखादी गाठ क्वचित घातकही होते, म्हणून ती एकदम वाढू लागली की थांबायचं नसतं.

"घरात कुणाच्या डोक्यात गाठी?"

"आजीच्या असतील. ती पदर कधी खाली घ्यायची नाही. वेणी घालायलाही कुणाला हात लावू द्यायची नाही." मग जरा थांबून, "दादाच्याही डोक्यात आहेत. न्हावी म्हणतो, कापताना फणी अडते."

रिपोर्ट न्यायला त्या स्वतः आल्या. नाव वाचून म्हणाल्या, "हे दादाला कसं सांगू? मराठीत लिहून द्या." मी रिपोर्टमागे लिहिलं: घामाच्या ग्रंथीची गाठ. कॅन्सर नाही. भावालाही दाखवून घ्या.

पुढच्या महिन्यात दादांच्या डोक्यातली गाठ बाटलीतून आली. फॉर्मवर सर्जनांच्या अक्षरात तीन ओळी होत्या: पंधरा वर्षांपासून. दुखत नाही. बहिणीला स्पायराडेनोमा, आजीच्या डोक्यावर गाठी असाव्यात.

काकांनी स्लाइड खिडकीकडे धरली.